जनरेटर ऐन वेळी का बंद पडतो? टाकीच्या तळातलं उत्तर, आणि त्यातून उभा राहणारा धंदा



नागपुरात जनरेटर भाड्याने देणाऱ्या कोणालाही विचारून बघा, तुम्हाला कोणत्या फोनची धास्ती वाटते? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. "भाऊ, लाइट गेली अन् जनरेटर सुरूच होऊन नाही राहिलं." हा फोन निवांत दुपारी येत नाही. वरात लॉनच्या गेटवर आलेली असते, कोल्ड स्टोरेजमध्ये माल भरलेला असतो, नाहीतर नर्सिंग होममध्ये पेशंट ऑपरेशन टेबलवर असतो. जनरेटरची गरज लागते तेव्हाच तो बंद असल्याचं कळतं. कारण एरवी त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

मग मेकॅनिक येतो. बॅटरी बघतो, सेल्फ बघतो, वायरिंग बघतो. शेवटी डिझेल फिल्टर खोलतो आणि आतून काळपट रबडी निघते. म्हणजे इंजिन चांगलं होतं, बॅटरी चांगली होती. बिघाड टाकीत होता, आणि तो आजचा नव्हता, सहा महिन्यांपासून हळूहळू तयार होत होता.

आजचा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिले, ज्यांच्या धंद्यात डिझेल साठवावं लागतं: जनरेटर भाड्याने देणारे, लॉनवाले, कोल्ड स्टोरेजवाले, जेसीबी-ट्रॅक्टरवाले. दुसरे, जे कमी भांडवलात सेवा देणारा धंदा शोधत आहेत. पहिल्यांचं डोकेदुखीचं काम हाच दुसऱ्यांचा धंदा होऊ शकतो. पण त्यासाठी आधी विषय नीट समजून घ्यायला हवा. न समजता मशीन विकत घेणारे धंद्यात टिकत नाहीत.

डिझेल खराब होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं, डिझेल म्हणजे तेल, त्याला काय होणार? पण डिझेलचे तीन शत्रू आहेत आणि तिघं एकमेकांच्या मदतीने येतात.

पहिला शत्रू पाणी. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून पाणी तळाशी जाऊन बसतं. टाकीत वरून बघाल तर सोन्यासारखं पिवळं, स्वच्छ डिझेल दिसेल. खाली काय आहे ते दिसतच नाही.

दुसरा शत्रू जिवंत आहे. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात, त्या पातळ थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यातल्या एका बुरशीचं शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. तिला राहायला पाणी लागतं आणि खायला डिझेल. दोन्ही एकाच जागी मिळालं की ती चिकट, तपकिरी-काळा थर तयार करते. हाच थर सुटून फिल्टरमध्ये जातो आणि फिल्टर बंद पाडतो. या जीवजंतूंमुळे तयार होणारी आम्लं टाकीचा पत्राही आतून खातात.

तिसरा शत्रू गाळ. टाकीचा गंज, कॅनमधून आलेली धूळ, आणि डिझेल स्वतः जुनं होताना त्यातून तयार होणारा डिंकासारखा चिकट भाग. उष्णता आणि हवा मिळाली की हे लवकर होतं. तांबं, पितळ आणि जस्त यांच्या संपर्कात तर आणखी लवकर. म्हणून डिझेलची टाकी आतून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नसावी. साधा लोखंडी पत्रा, स्टेनलेस स्टील किंवा डिझेलसाठीच बनवलेली प्लास्टिक टाकी ठीक.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वडिलांच्या काळात कुठे कोणी एवढं बघत होतं? बरोबर आहे. जुन्या इंजिनाचा पंप आणि नोझल थोडीफार घाण सहन करायचे. आजची गोष्ट वेगळी आहे. कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने फवारलं जातं आणि इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन ते चार मायक्रॉन इतकीच असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतो. जनरेटरसाठी प्रदूषणाचे नवे कडक नियम, ज्यांना बाजारात सीपीसीबी फोर प्लस म्हणतात, ते १ जुलै २०२३ पासून लागू झाले. त्यानंतर बाजारात आलेल्या अनेक सेटमध्ये असंच नाजूक इंजेक्शन असतं. जुन्या सेटला घाण डिझेलमुळे फिल्टरचा खर्च यायचा. नव्या सेटला इंजेक्टरचा खर्च येतो. हा फरक ग्राहकाला समजावता आला, तर अर्धी विक्री तिथेच होते.

पाणी येतं कुठून? थोडा हिशोब करू

"पंपवाल्यानेच पाणी मिसळलं" हे सगळ्यात आवडतं कारण. कधी पंपाकडून पाणी येतंही. पण आधी हिशोब बघा. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १४६० नुसार, बीएस सिक्स डिझेलमध्ये एका किलोला जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालतं. १००० लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० किलो. म्हणजे पूर्णपणे नियमात असलेल्या हजार लिटर डिझेलमध्येही १६६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक ग्लासभर पाणी असू शकतं. ते विरघळलेलं असतं, दिसत नाही. पण थंडीत डिझेल गार झालं की त्यातलं थोडं सुटून खाली बसतं. शिवाय या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला परवानगी आहे, आणि बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं.

दुसरं आवडतं कारण म्हणजे "हवेतली वाफ टाकीत जमते." हेही तपासू. समजा ५०० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे. तिच्यात २५० लिटर हवा. दिवसा गरम होऊन हवा फुगते, रात्री आकसते. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक धरला तर रोज साधारण १२ लिटर नवी हवा आत येते. पावसाळ्यातल्या अगदी दमट हवेतही एक हजार लिटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे रोज अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. चार महिन्यांच्या पावसाळ्यात सगळं पाणी टाकीतच राहिलं असं धरलं, तरी ते एका कटिंग चहापेक्षा कमी भरतं. बुरशीला सुरुवात करायला तेवढं पुरतं, पण टाकीतून बादलीभर पाणी निघालं तर त्याला वाफ जबाबदार नाही.

मग बादलीभर पाणी कुठून येतं? जवळजवळ नेहमी झाकणातून. उघड्यावर उभा ठेवलेला २०० लिटरचा ड्रम डोळ्यासमोर आणा. त्याच्या वरच्या भागाला काठ असतो. पाऊस पडला की त्या काठाच्या आत तीन-चार लिटर पाणी साचतं आणि ड्रमचं बूच नेमकं त्या पाण्याखाली जातं. आता नागपूरचा जून आठवा. दुपारभर ऊन, ड्रम तापून चटका बसेल असा. सायंकाळी एकदम पाऊस. ड्रममधली गरम हवा झपाट्याने गार होते, आकसते आणि बूच जरा जरी सैल असेल तर वरचं पाणी आत ओढून घेते. कोणी पाणी टाकलं नाही, कोणी फसवलं नाही. ड्रमने स्वतः पाणी प्यायलं.

उपाय फुकटातला आहे. ड्रम शेडमध्ये ठेवा. शेड नसेल तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे डिझेलच्या पातळीखाली येतील अशी. मग हवा आणि पाणी दोन्ही आत ओढले जात नाहीत. आडवा ठेवायला जागाच नसेल तर ड्रमखाली एका बाजूला लाकडी ठोकळा लावून तो तिरपा करा, म्हणजे बुचाजवळ पाणी साचणार नाही. जनरेटरच्या टाकीच्या झाकणाचं रबर आणि हवेच्या नळीचं तोंड पावसाळ्याआधी बघा. नळीचं तोंड खाली वळलेलं हवं.

शिडाच्या बोटीकडून शिकायचं

हा प्रश्न सगळ्यात गंभीरपणे कोण घेतं माहीत आहे? समुद्रावर शिडाची बोट चालवणारे. तुम्हाला वाटेल, शिडाच्या बोटीला डिझेल कशाला? वारा पडला, बंदरात शिरायचं असलं, बॅटऱ्या चार्ज करायच्या असल्या की इंजिन लागतंच. आणि ते क्वचित लागतं हाच घोळ आहे. डिझेल महिनोन् महिने टाकीत पडून राहतं, चहूकडे पाणी आणि दमट हवा, तळाशी गाळ. मग एक दिवस समुद्र खवळतो, बोट हेलकावे खाते, तळाचा गाळ ढवळला जातो आणि फिल्टर बंद. म्हणजे इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी ते बंद पडतं.

आपल्याकडे या विषयातलं मोठं नाव म्हणजे 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची बोट. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डमध्ये ती बांधली गेली. याच बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. असल्या सफरीत भर समुद्रात मेकॅनिकला फोन करता येत नाही. म्हणून लांबच्या सफरीवर जाणारे दर्यावर्दी तीन गोष्टी पाळतात: फिल्टरखाली पारदर्शक वाटी ठेवतात म्हणजे पाणी डोळ्याला दिसतं, दोन फिल्टर बाजूबाजूला लावून मध्ये कॉक ठेवतात म्हणजे एक तुंबला तर इंजिन बंद न करता दुसऱ्यावर जाता येतं, आणि टाकीतलं डिझेल अधूनमधून पंपाने फिरवून फिल्टरमधून काढतात.

आता तुमचा लॉनवरचा जनरेटर बघा. तोही क्वचित चालतो. त्याचंही डिझेल पडून राहतं. भाड्याचा सेट असेल तर गाडीवर चढवून खड्ड्यांतून नेताना त्याचाही गाळ ढवळला जातो, आणि मुक्कामी पोचल्यावर लगेच चालू करायचा असतो. समुद्र नाही, पण आपला रस्ता आहे ना! म्हणजे प्रश्न तोच, आणि उपायही तेच.

बाटलीची टेस्ट

यासाठी लॅब लागत नाही. एक स्वच्छ, कोरडी, पारदर्शक काचेची बाटली घ्या. टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकमधून, किंवा तळापर्यंत नळी सोडून हातपंपाने, अर्धा लिटर काढा. वरून काढलेला नमुना काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवा. बाटली एका जागी तासभर ठेवा आणि उजेडात धरून बघा.

- स्वच्छ आणि चकचकीत, मागचं अक्षर वाचता येतं: चांगलं.
- धुकट दिसतं: बारीक पाणी मिसळलेलं आहे. रात्रभर ठेवा, खाली बसतं का बघा.
- खाली वेगळा थर, बाटली तिरपी केल्यावर घरंगळतो: मोकळं पाणी.
- पाणी आणि डिझेलच्या मधे काळपट साय किंवा लोंबणारे धागे: जंतूंची वाढ.
- तळाशी लालसर कण: गंज. टाकी आतून खराब होते आहे.

पेट्रोल पंपावर मापाच्या काठीला लावतात ती पाण्याची पेस्टही मिळते. काठीच्या टोकाला लावून टाकीच्या तळाला टेकवली की पाणी लागेल तिथपर्यंत रंग बदलतो. किती बोटं पाणी आहे हे ग्राहकाच्या डोळ्यासमोर दिसतं.

पंपावर शंका असेल तर भांडण नको, घनता विचारा. ती तपासून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. १५ अंश तापमानाच्या हिशोबाने काढलेली घनता आणि चलनावरची घनता यात घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको.

ज्याचा जनरेटर आहे त्याचं वेळापत्रक

हे लिहून जनरेटरच्या शेडमध्ये चिकटवा.

- दर आठवड्याला: सेट दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा. फिल्टरची वाटी बघा, पाणी दिसलं तर खालचा स्क्रू सैल करून काढा.
- दर महिन्याला: टाकीच्या तळातून पाव-अर्धा लिटर काढून बाटलीची टेस्ट.
- वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये: झाकणाचं रबर, हवेची नळी, टाकीचा तळ, दोन्ही फिल्टर. पहिली तपासणी पावसाआधी. दुसरी लग्नसराई आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनाच्या धामधुमीआधी.
- डिझेल सहा महिन्यांत संपेल एवढंच भरा. आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त साठवण्यात शहाणपण नाही. आधी आलेलं डिझेल आधी वापरा.
- नवं डिझेल ओतल्यावर शक्य असेल तर एक दिवस स्थिर राहू द्या, मग वापरा. ओतताना बारीक जाळीचं फनेल हवंच.
- सुट्या फिल्टरचा एक जोड सेटजवळ ठेवा. फिल्टर बदलल्यावर एअर कशी काढायची हे रात्रपाळीच्या माणसाला शिकवून ठेवा. फिल्टर आहे पण एअर काढता येत नाही, अशाने रात्र अंधारातच जाते.

स्वस्त मिळतं म्हणून रस्त्याकडेला विकलं जाणारं "बायोडिझेल" किंवा "इंडस्ट्रियल ऑइल" भरू नका. लिटरमागे वाचलेले पैसे इंजेक्टरच्या बिलात व्याजासह जातात.

मग धंदा कुठे आहे?

वरचं वेळापत्रक वाचून तुम्हालाच वाटलं असेल, हे कोण करणार? हाच तर धंदा आहे! ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याचं मुख्य काम दुसरं आहे. लॉनवाल्याला बुकिंग सांभाळायचं आहे, डॉक्टरांना पेशंट बघायचे आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर नोकरी सांभाळून हे सगळं करायचं आहे. मेकॅनिक बिघाड झाल्यावर येतो. बिघाड होऊ नये म्हणून ठरल्या तारखेला येणारा माणूस कोणाकडेच नसतो.

डिझेल ही वस्तू विकण्यापलीकडे तिच्याभोवती सेवा उभी राहू शकते, हे पुण्याच्या रेपोस एनर्जीने दाखवलं आहे. त्यांनी डिझेल ग्राहकाच्या दारात पोचवण्याच्या कामावर कंपनी उभी केली. तुम्हाला तेवढ्या मोठ्या भांडवलाची गरज नाही. तुम्ही डिझेल विकत नाही, ग्राहकाच्या टाकीतलं डिझेल त्याच्या जागेवरच स्वच्छ करून त्याच्याच टाकीत परत सोडता. इंग्रजी बोलणारे याला फ्युएल पॉलिशिंग म्हणतात. तुम्ही साधं "टाकी सफाई आणि डिझेल फिल्टर सेवा" म्हणा, लॉनवाल्याला लगेच कळेल.

काम असं चालतं. आधी तळाचा नमुना घेऊन बाटलीवर तारीख लिहायची. मग नळी टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात सोडून पाणी आणि गाळ वेगळ्या कॅनमध्ये ओढून घ्यायचा. त्यानंतर डिझेल फिरवायचं: टाकीतून जाळी, जाळीतून पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग १० मायक्रॉन, मग २ मायक्रॉन, आणि परत टाकीत. ओढणारी आणि सोडणारी नळी टाकीच्या विरुद्ध टोकांना हवी, नाहीतर तेच तेच डिझेल फिरत राहतं.

किती वेळ फिरवायचं? इथे बरेच जण चुकतात. ५०० लिटरची टाकी आणि मिनिटाला २० लिटरचा पंप असेल तर २५ मिनिटांत ५०० लिटर फिरतात. पण स्वच्छ डिझेल घाण डिझेलमध्येच मिसळत असल्याने एका फेरीत साधारण ६३ टक्केच डिझेल फिल्टरमधून गेलेलं असतं. तीन फेऱ्यांनंतर ते ९५ टक्क्यांवर जातं. म्हणून किमान तीन फेऱ्या, म्हणजे सव्वा तास, आणि आधी-नंतरची तयारी धरून अर्धा दिवस.

पंप घेताना एक गोष्ट बघा. फार वेगाने घुसळणारा सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याचे बारीक थेंब करतो आणि मग ते फिल्टरलाही वेगळे करता येत नाहीत. गिअर किंवा व्हेन प्रकारचा, डिझेलसाठी बनवलेला पंप घ्या. बुरशी असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच जंतुनाशक टाका, हातमोजे घालून. मेलेली बुरशी पुढचे काही दिवस फिल्टरमध्ये येत राहते, म्हणून ग्राहकाकडे जास्तीचे फिल्टर ठेवायला सांगा. आणि पाणी न काढता नुसतं औषध टाकणाऱ्याच्या नादी लागू नका. पाणी राहिलं की बुरशी परत येते.

कायदा आणि जीव: इथे तडजोड नाही

डिझेल साठवणुकीचे नियम देशभर जी संस्था राबवते, ती पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सला. तेव्हा "नियम माहीत नव्हते" हे नागपूरकराने तरी म्हणू नये.

नियम थोडक्यात असा: डिझेल हे ब वर्गाचं पेट्रोलियम. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठवणुकीसाठी परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो. ग्राहकाची टाकी याहून मोठी असेल तर आधी त्याचा परवाना बघा, मग हात लावा. ग्राहकाचं डिझेल बाहेर नेऊ नका, विकू नका. परवान्याशिवाय डिझेल विकणं गुन्हा आहे. टाकीतून निघालेलं पाणी आणि गाळ नालीत टाकायचा नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो. तो अधिकृत व्यवस्थेकडेच गेला पाहिजे, आणि त्याची रीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात सुरुवातीलाच विचारून घ्या.

आता जिवाची गोष्ट. "डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. आपल्या मानकानुसार डिझेलचा भडकबिंदू किमान ३५ अंश असला की चालतो. नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. म्हणजे उन्हाळ्यात टाकीच्या तोंडाशी पेट घेणारी वाफ असू शकते. म्हणून काम सकाळी लवकर करा, पंप आणि टाकी दोन्हींना अर्थिंग द्या, ज्वालारोधक मोटर वापरा, बिडी-सिगारेट आणि वेल्डिंग दूर, अग्निशामक हाताशी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कोणालाही टाकीच्या आत उतरवू नका. मोठ्या टाकीतही नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. बंद टाकीतली वाफ माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि वाचवायला उतरणारा दुसराही जातो. आपलं सगळं काम बाहेरून, नळीने. ग्राहक म्हणाला, "पोट्ट्याला आत उतरवून पुसून घे," तर ते काम सोडून द्या. असा ग्राहक गेला तरी चालेल.

भाव कसा ठरवायचा?

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरले आहेत. तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

समजा एका भेटीचे तुम्ही ३५०० रुपये घेता. फिल्टर आणि इतर सामान ९००, मदतनीस ६००, गाडी ३००, कचऱ्याची विल्हेवाट २००. एकूण खर्च २००० रुपये. हातात उरले १५००. साधनांवर ९०,००० रुपये लागले असतील तर ते वसूल व्हायला ६० भेटी लागतील. आठवड्याला तीन भेटी मिळाल्या तर २० आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच महिने. तेवढे महिने घर चालवायची सोय आहे का? आधी हा प्रश्न, मग मशीन. साधनांसाठी कर्ज काढायचा विचार असेल तरी आधी दहा ग्राहकांचा होकार हातात घ्या.

एकेका भेटीवर धंदा टिकत नाही, वार्षिक करार करा. दोन मोठ्या सफाया आणि दर महिन्याची बाटली टेस्ट, असं पॅकेज. मासिक टेस्टला वेळ कमी लागतो. एकाच भागातले पाच ग्राहक एका सकाळी होतात. म्हणून सुरुवातीला पूर्ण नागपूर धरू नका. कळमन्याची बाजू घ्या, नाहीतर हिंगणा एमआयडीसी, नाहीतर एखाद्या रिंग रोडवरची लॉन्स. एकच भाग, दाट ग्राहक, कमी पेट्रोल.

विक्री कशी करायची?

तुमचा सेल्समन ती बाटली आहे. ग्राहकाकडे जा आणि म्हणा, "साहेब, पैसे नका देऊ, फक्त तुमच्या टाकीच्या तळातला अर्धा लिटर नमुना काढून दाखवतो." बाटली स्वच्छ निघाली तर तसं प्रामाणिकपणे सांगा, "तुमची टाकी उत्तम आहे, आता गरज नाही." हा माणूस पुढे तुमचं नाव चार जणांना सांगेल. बाटली काळी निघाली तर बोलायचीही गरज पडत नाही. काम झाल्यावर आधीची आणि नंतरची अशा दोन बाटल्या तारीख टाकून त्याच्या ऑफिसमध्ये ठेवा. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारेल, "हे काय आहे भाऊ?"

मेकॅनिकला प्रतिस्पर्धी समजू नका. त्याला सांगा, फिल्टर-नोझलचं काम तुमचं, टाकीचं माझं. त्याने दिलेल्या ग्राहकामागे त्याचा वाटा ठरवा आणि तो वेळेवर द्या.

पुढच्या ३० दिवसांचं काम

पहिला आठवडा: आपल्या भागातल्या वीस जनरेटर मालकांची यादी करा आणि एक जाणता डिझेल मेकॅनिक गाठून दोन दिवस त्याच्यासोबत फिरा. दुसरा आठवडा: एक हातपंप, एक नळी, पाण्याची पेस्ट आणि डझनभर काचेच्या बाटल्या घ्या. वीस ठिकाणी फुकट नमुने तपासा आणि वहीत नोंद करा. तिसरा आठवडा: पेसो आणि प्रदूषण मंडळाकडे चौकशी, पंप-फिल्टरची किमान तीन कोटेशनं, आणि उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. चौथा आठवडा: वहीतली ज्यांची बाटली खराब निघाली त्यांना भेटून भाव सांगा.

वीसपैकी दहा जण हो म्हणाले तर मशीनचा विचार करा. दोघंच हो म्हणाले तर मशीन घेऊ नका. भाग बदला, किंवा फक्त मासिक तपासणीपासून सुरुवात करा. बाटल्या, पेस्ट आणि नळीचा खर्च एवढाच तुमचा धोका आहे. धंदा शिकण्याची एवढी स्वस्त फी दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि तुमच्या स्वतःच्या घरी, दुकानात, शेतात डिझेलचा ड्रम उभा असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा, जाऊन आधी तो आडवा करा. तुमच्या बाटलीत काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा.